पन्नास पैशांचं पोस्टकार्ड : अकरा वर्षं वापरल्यानंतर

वस्तू : पोस्टकार्ड. किंमत ५० पैसे. आकार १४ सेंटिमीटर बाय ९. माझ्याकडे त्याचा उपयोग एकच. कुणाचं लिहिलेलं वाचून आपण मध्येच थांबलो, तर कुठे थांबलो ते लिहिणाऱ्याला कळवायचं. घरची खुशाली मी फोनवर विचारतो, लग्नाच्या पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पण दुसऱ्याच्या कथेवर किंवा लेखावर काही बोलायचं असलं की मी कार्डच काढतो. २०१४ पासून हेच चालू आहे. म्हणून या वस्तूबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी छापखान्यातला माणूस. १९८८ साली, सतरा वर्षांचा असताना, नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रेसमध्ये जुळारी म्हणून लागलो. समोर लाकडी केस, तिच्या घरांत शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक. इंग्रजीपेक्षा मराठीच्या केसला घरं कितीतरी जास्त, कारण जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या सगळ्यांना जागा लागते. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे ओळ उलटीच वाचायची. आमचे उस्ताद सांगायचे, "मजकुरात शिरू नको बा. शिरला का हात थांबते." मी शिरलो नाही. १९९६ ला प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला, खिळे वजनावर भंगारात गेले, मी श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकलो, पण सवय तीच राहिली. जुलै लागला की दिवाळी अंकांचं काम सुरू व्हायचं आणि दसऱ्यापर्यंत रात्रीचे दोन-दोन वाजायचे. कितीतरी लेखकांचं लिखाण माझ्या बोटांखालून गेलं. त्यातल्या एकाही कथेत काय होतं ते मला आज सांगता येणार नाही. अक्षर न् अक्षर मात्र पाहिलं होतं.

२०१४ च्या दिवाळी अंकाच्या वेळी एका लेखाने हात थांबवला. लेख संत्र्याच्या बागेवर होता. लेखक अमरावतीचे, वयाने मोठे, मजकूर हाताने लिहून पाठवलेला. मी मूळचा काटोल तालुक्यातला, बाबांनी दुसऱ्याच्या बागेत आयुष्यभर काम केलं, त्यामुळे टाइप करता करता मी आत शिरलोच. लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं : संत्र्याचं झाड आपल्याच मुळावर उभं असतं, तसं घर आपल्या वंशावर उभं असतं. वाक्य ऐकायला सुरेख होतं. पण संत्रं आपल्या मुळावर उभं नसतं. मजकुराला हात लावायचं माझं काम नव्हतं आणि संपादकांना सांगायची तेव्हा हिंमत झाली नाही. अंक तसाच छापून गेला. ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून प्रेससमोरच्या पोस्टाच्या पेटीची आठवण झाली. पहिलं कार्ड लिहिलं ते असं. मी प्रत्येक कार्ड आधी वहीत उतरवतो, म्हणून शब्दशः देता येतं. त्यातलं ताणावर सोडणं म्हणजे बागेचं पाणी काही दिवस तोडणं, आणि डोळा भरणं म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या खोडात बसवणं :

"स.न.वि.वि. मी अंकाच्या छापखान्यात काम करतो. आपला लेख तिथे वाचला. बाग ताणावर सोडल्यावर पानं मलूल होतात आणि बागवान रोज सकाळी जाऊन नुसता पाहत उभा राहतो, हे आपण लिहिलं, तसेच माझे बाबा उभे राहायचे. एक गोष्ट कळवतो. आमच्याकडे संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात. खाली आंबट लिंबाचं झाड, वर गोड फळ. पाणी शोधायचं काम सगळं जंबेरीचं. म्हणून शेवटचं वाक्य संत्र्याला लागू पडत नाही. पण आपल्या लेखात परक्या घरून आलेली सून बाग सांभाळते, तिला मात्र जंबेरी लागू पडते, असं वाचताना वाटलं. आपल्याला काय वाटतं?"

पंधरा दिवसांनी त्यांचंही कार्डच आलं. लिहिलं होतं की या लेखावर चौदा जणांचे फोन आले, सगळ्यांनी छान म्हटलं, पण झाडाच्या बुडाशी वाकून कुणी पाहिलं नव्हतं. सुनेचं त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. पुढे चार वर्षं, ते होते तोवर, आमची कार्डं चालू राहिली. भेट एकदाही झाली नाही.

आता वस्तूकडे वळतो.

कार्ड हमखास मिळण्याची जागा म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं जीपीओ, म्हणजे शहराचं मोठं पोस्ट. १९२१ साली पूर्ण झालेली ती इमारत आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, बाहेर अंग भाजत असतं आणि उंच छताच्या त्या जुन्या भिंतींआड पाऊल टाकलं की जीव थोडा खाली बसतो. लहान पोस्टांत कार्डं कधी असतात, कधी संपलेली असतात, कारण मागणारेच उरले नाहीत. म्हणून मी एकदम पन्नास घेतो, पंचवीस रुपयांची. घ्यायची तर सम आकड्यात घ्यावीत. पन्नास पैशांचं नाणं आजही चलनात आहे, पण ते कुणाच्या खिशात सापडत नाही, सुट्या पैशांवरून काउंटरवरच्या माणसाला अडवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड सुरू झालं तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. आज माझ्या टेबलावरच्या चहापेक्षा ते वीसपटीने स्वस्त आहे.

कागद जाडसर, पिवळट, किंचित खरखरीत. बॉलपेन उत्तम चालतं. शाईचं पेन वापरू नये, रेघ फुटते आणि उकाराचा ऊकार होतो. जेल पेन उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात ओल्या हवेत ते वाळायला वेळ घेतं आणि तळहात फिरला की ओळ पुसते. पेटीत टाकलेलं कार्ड चार हातांतून, थैल्यांतून, कधी सायकलवरच्या पावसातून जाणार, हे धरूनच लिहावं. ज्या बाजूला तिकीट छापलेलं असतं तिथे पोस्टाची मोहोर बसते, म्हणून पत्त्याच्या बाजूच्या डाव्या भागात लिहिताना वरून दोन बोटं जागा सोडावी. नाहीतर नेमका मुद्द्याचा शब्द मोहोरेखाली जातो.

आणि जागा. माझ्या अक्षरात मागच्या बाजूला बारा ओळी बसतात, ओळीत आठ ते नऊ शब्द. म्हणजे शंभराच्या आसपास. पुढच्या बाजूच्या डाव्या भागात आणखी तीसेक. या वस्तूचा खरा गुण मला इथे दिसतो. शंभर शब्दांत "स.न.वि.वि." ठेवायचं असतं, कारण तो समोरच्याचा मान आहे. "कळावे, लोभ असावा" मी काढून टाकलं, कारण तेवढ्या जागेत एक खरी गोष्ट बसते. मग उरलेल्या जागेत काय लिहायचं? लेख पुन्हा वाचल्याशिवाय ते ठरतच नाही. पहिल्या वाचनात मी नुसता वाचतो. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात असते आणि ज्या ओळीपाशी श्वास अडकला तिथे समासात बारीक टिंब देतो. दहा टिंबं झाली तर नऊ खोडायची. उरलेल्या एकावर कार्ड लिहायचं. ते एक टिंब निवडताना आपल्याला त्या लेखात नेमकं काय भावलं होतं, हे पहिल्यांदा आपल्यालाच कळतं. प्रेसमध्ये मजकूर दोन ओळी जास्त झाला की कुठून कापायचा ते आम्ही पाहतो, त्या सवयीचाही इथे फायदा झाला.

"सुंदर", "अप्रतिम", "मनाला भिडलं" हे शब्द मी वापरत नाही. ते खोटे असतात असं नाही, वाचणाऱ्याला खरंच तसं वाटलेलं असतं. पण लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काही पडत नाही. तो सहा महिने एका परिच्छेदाशी झुंजला, तो परिच्छेद उभा राहिला की कोसळला, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं. माझी कसोटी साधी आहे. कार्ड लिहून झालं की वरचं नाव झाकायचं. तेच कार्ड दुसऱ्या कुठल्याही लेखकाला पाठवता आलं असतं असं वाटलं, तर ते टाकायचं नाही. अशी बरीच कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्यांच्या पाठीवर आता वाणसामानाच्या याद्या होतात.

दुसरी चूक मी सुरुवातीला फार केली, ती म्हणजे स्वतःचंच सांगत बसायची. एका कवीने आईच्या आजारपणावर कविता लिहिली होती. मी कार्डभर माझ्या आईचं ऑपरेशन, मेडिकलमधल्या वॉर्डातल्या रात्री, डब्याची धावपळ असं सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, आईला आराम पडो म्हणून. वहीतली नक्कल पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की त्यांच्या कवितेतला एक शब्दही माझ्या कार्डात नव्हता. माणूस आपलं मन मोकळं करतो आणि आपण त्याला आपलंच गाठोडं धरायला देतो. तेव्हापासून स्वतःबद्दल दोन ओळी, त्याही त्याच्या मजकुराला लागून असल्या तरच. बाबा बागेत उभे राहायचे, एवढं चालतं. कारण त्यातून लेखकाला कळतं की त्याचं निरीक्षण खरं आहे.

कवितांवर मला अजूनही नीट लिहिता येत नाही. कुठल्या शब्दापाशी थांबलो एवढंच सांगतो आणि सोडून देतो.

कार्डाचा आणखी एक गुण म्हणजे ते उघडं असतं. पोस्टमन वाचतो, लेखकाच्या घरी दार उघडणारी सून वाचते, नातू वाचतो. म्हणून जे चारचौघांत त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येणार नाही ते कार्डावर लिहिता येत नाही. माझ्या आईला मात्र या उघडेपणाची भीती वाटायची. तिच्या काळात मयतीचा निरोप कार्डावर यायचा, ते दाराबाहेरच वाचून फाडून टाकायचे, घरात आणायचे नाहीत. मी टेबलावर कार्डांचा गठ्ठा ठेवला की ती म्हणायची, "कायले एवढे कार्डं आणून ठेवते रे घरात?" मग मी एकेक वाचून दाखवायचो. नंतर नंतर तीच विचारायला लागली, "त्या संत्र्यावाल्याचं काही आलं का?"

आईचा विषय निघाला म्हणून कापसाची गोष्ट सांगतो. कार्डाने माझ्यावर केलेला सर्वात मोठा उपकार तोच आहे.

२०१९ च्या एका अंकात एका लेखिकेची कथा होती. कथेतली बाई, सगुणा, भर दुपारी कापूस वेचते आहे आणि तिचे हात त्या मऊ शुभ्र राशीत बुडालेले आहेत, असं वर्णन. मी ते टाइप केलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या आईने आमच्या लहानपणी वेचणीची मजुरी केली आहे. कापूस मऊ असतो तो गादीत. झाडावर तो वाळलेल्या बोंडात असतो आणि बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. नखाच्या कडा फाटतात. पोटाशी ओटी बांधून वाकून वेचायचं, मजुरी किलोवर, म्हणून हात थांबवायचा नाही. आणि बाया तांबडं फुटताच जातात, कारण सकाळी पाचोळा दमट असतो, कापसाला चिकटत नाही. दुपारी वाळकं पान चुरतं आणि कापसात कचरा जातो. रात्री आई बोटांना तेल लावून चुलीपुढे बसायची.

त्या रात्री मी फुलस्केपची चार पानं लिहिली. तुम्ही कधी शेतात पाय ठेवला आहे का, इथपासून सुरुवात होती. बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अहो, हे वाचून त्या बाईनं काय करावं म्हणता?" मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, "कार्डावर लिहा ना. एवढं कशाला लिहून राहिले?"

चार पानांचं कार्ड करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक वाक्य खोडताना ते लेखिकेसाठी होतं की माझ्या रागासाठी, हे पाहावं लागलं. राग आधी गेला, कारण तोच जास्त जागा खात होता. मग कथा पुन्हा वाचली आणि लाज वाटली. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला जातो, तेव्हा ती बाई आकड्याकडे न पाहता मोजणाऱ्याच्या अंगठ्याकडे पाहते, असं एक वाक्य तिथे होतं. तो अंगठा पाहणारी लेखिका शेताबाहेरची असूच शकत नव्हती. पहिल्या वाचनात रागाच्या भरात ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. मी कार्डाची सुरुवात त्या अंगठ्यापासून केली. मग बोटांचं सांगितलं, तीन ओळींत, आईच्या नावाने. आणि शेवटी विचारलं, "आपली सगुणा शेतात किती वाजता पोचते?"

महिन्याने आंतर्देशीय पत्र, म्हणजे घडी करून चिकटवायचं ते, आलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. बोटांचं त्यांनी मान्य केलं. लिहिलं होतं की लहानपणी वेचणीच्या बायांसोबत त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायच्या, पण वेचायला त्यांना कुणी लावलं नाही, त्यामुळे काटा पाहिला आणि बोंड हाताळलं नाही. दुपारबद्दल मात्र त्या ठाम होत्या. त्यांच्या ओळखीच्या एक बाई सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात आणि ते आटोपल्यावर दुपारी वेचायला जातात. सगुणा म्हणजे त्याच. खिचडीचं कथेत लिहायचं राहिलं, ते तुमच्या प्रश्नामुळे लक्षात आलं, असं त्यांनी लिहिलं. मी माझ्या आईची सकाळ धरून बसलो होतो. आज गावातल्या बाईला दोन-दोन कामं करावी लागतात, हे मी नागपुरात बसून कुठून पाहणार? दोन वर्षांनी त्यांचा संग्रह आला, तो मी वाचनालयातून आणला. बोटांना चिरा आल्या होत्या, सकाळी शाळेतल्या चुलीचा धूर आला होता, आणि दुपार तिथेच होती. ती चार पानं पाठवली असती तर त्या बाईंनी ती फाडून टाकली असती आणि ते योग्यच झालं असतं.

म्हणून मतभेदाच्या कार्डासाठी मी क्रम ठरवून घेतला आहे. आधी त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत, पण त्यांना पटेल असं. मग माझी माहिती, ती कुठून आली त्यासह : पाहिलेली, केलेली की ऐकलेली. मग एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. उत्तर ठाऊक असून विचारलेला प्रश्न म्हणजे उलटतपासणी, ती कार्डावर नको.

सगळं कार्डावर मावत नाही, हेही सांगितलं पाहिजे. एका तरुणाने शेतकरी वडील गेले त्या वर्षाबद्दल लिहिलं होतं. ते कसं गेले हे विदर्भात कुणाला विचारावं लागत नाही. त्यावर उघडं कार्ड पाठवणं मला बरोबर वाटलं नाही. त्यासाठी अडीच रुपयांचं आंतर्देशीय घेतलं. त्यात जागा तिप्पट असते, तरी मी सहाच ओळी लिहिल्या आणि प्रश्न विचारला नाही. वडिलांच्या बैलबंडीच्या आसाला वंगण घालायचं काम त्या वर्षी कुणी केलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. तेवढंच वाचल्याचं कळवलं. उत्तर आलं नाही, येऊ नये असंच पत्र होतं ते.

पत्त्यांची अडचण वाढत चालली आहे. पूर्वी अंकात लेखाच्या शेवटी लेखकाचा पूर्ण पत्ता छापायचे, आता बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबर असतो. मग संपादकांच्या पत्त्यावर "द्वारा" लिहून पाठवतो. संपादक ते पुढे पोचवतात, मात्र त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. फोन करावा हा सल्ला मला अनेकांनी दिला. फोनवर माणूस लगेच "अरे वा, धन्यवाद" म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा येतो. त्यात वाईट काही नाही, पण माझ्यासारख्याला सुचायला वेळ लागतो आणि समोरच्यालाही उत्तर सुचायला वेळ मिळावा असं वाटतं.

पिनकोड मात्र न चुकता तपासावा. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते, मराठी माणूस. कार्डाच्या कोपऱ्यात सहा चौकोन छापलेले असतात. नागपूर शहराचे पहिले तीन आकडे ४४०, वर्धा ४४२, अकोला ४४४. मी एकदा वर्ध्याच्या लेखिकेच्या कार्डावर ४४२००१ च्या जागी ४४४००१ लिहिलं. पूर्ण चूक माझी. ते कार्ड तीन आठवड्यांनी त्यांना मिळालं. अकोल्यात कुणीतरी "वर्धा" हा शब्द वाचून लाल शाईने तिसरा आकडा दुरुस्त केला होता, माझ्या चारावर एक आडवी रेघ, वर नीट वळणदार दोन. प्रूफ तपासणारा मारतो तशीच रेघ. त्या लेखिकेने मला कार्डाचा फोटो पाठवला. हजारो पत्रांच्या ढिगात कुणीतरी माझं बारीक अक्षर थांबून वाचलं होतं. त्या माणसाला कार्ड लिहायची फार इच्छा होती, पण पत्ता कुणाचा घालणार?

साधन म्हणून पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो पावसाळ्यासाठी, जुलै-ऑगस्टमध्ये अक्षर पुसण्याची धास्ती असतेच. ज्यांना लगेच उत्तर हवं असतं त्यांनी हे घेऊ नये. माझ्या अनुभवात नागपुरातल्या नागपुरात दोन-तीन दिवस, बाहेरगावी आठवडा, आणि उत्तर यायचं तर महिना. निम्म्याहून जास्त कार्डांना उत्तर येत नाही. पूर्वी वाईट वाटायचं. पण लेख वाचून मी थांबलो होतो हे त्यांना कळलं, माझं काम तेवढंच होतं. ज्यांना पत्र लिहायची सवय मोडली आहे त्यांनी आधी दोन-चार कार्डं वाया जातील असं धरूनच बसावं, त्यात दोन रुपयांच्या वर जात नाही.

यंदाच्या अंकात एका मुलीची पहिलीच कथा आहे, मारबतीवर, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक काढून जाळतात त्या पुतळ्यावर. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत १८८५ पासून निघते, तिच्यावर आजवर पुष्कळ लिहून आलंय, बहुतेकांत गर्दी असते, घोषणा असतात, मारबतीसोबतचे पुरुषी पुतळे म्हणजे बडगे असतात. ही मुलगी मिरवणूक संपल्यानंतर सुरू करते. मारबत जळत असताना आतल्या बांबूची पेरं एकेक करून फुटतात आणि आजी ते आवाज मोजत उभी असते. तिथे टिंब दिलं आहे, बाकीची सगळी खोडली. अजून एकदा वाचायची आहे. पहिली ओळ ठरली, पेरांच्या आवाजाचीच. विचारायचा प्रश्न काही सापडलेला नाही. गठ्ठ्यात चार कार्डं उरलीत, सोमवारी जीपीओत जाऊन येतो.